लाल टोपण, नारिंगी टोपण

माझी आत्या जयवंता खासबागे हिच्या काट्यावर अमरावतीच्या गुजरीत, म्हणजे भाजीबाजारात, कोणी बोट ठेवत नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं ठेवलं होतं. वांगी पावभर कमी भरली म्हणाला. आत्यानं ती पिशवी उचलली, त्या माणसाला घेऊन आजूबाजूच्या तीन भाजीवाल्यांकडे गेली आणि तिन्ही काट्यांवर वांगी तोलून दाखवली. तिन्हीकडे वजन बरोबर भरलं. माणूस ओशाळून पैसे काढू लागला, तर आत्या म्हणाली, “आता तुले विकतच नाई. जाय.” आणि वांगी परत टोपलीत ओतली.

हे आधी सांगायचं कारण असं, की पुढं जे घडलं त्यात सगळ्यांनी तिला एकच गोष्ट ऐकवली. बाई, तू मोजायला चुकलीस.

भातकुलीजवळच्या गावात तिचं अडीच एकर ओलिताचं वावर आहे. यजमान नत्थुजी आणि मुलगा धर्मेंद्र वावर पाहतात, सून सीमा घर आणि तोडणी सांभाळते, विक्री आत्याकडे. सकाळी सातच्या आत ती मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, चवळीच्या शेंगा ऑटोत घालून अमरावतीला पोचते आणि दुपारी टोपल्या रिकाम्या करून परतते. शिक्षण चौथीपर्यंत. मराठी वाचते, पण हळूहळू, अक्षरावर बोट ठेवून. आकडे मात्र इंग्रजीतले असोत की मराठीतले, तिला झटकन कळतात.

चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला शुगर निघाली. सात वर्षं गोळ्यांवर गेली. मग पायाला खुरप्याचं लागलं ते दोन महिने भरेना, तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. घरात कोणी गेल्यासारखं वातावरण झालं. सुई लागली म्हणजे माणूस संपत आला, अशी सगळ्यांची समजूत. नत्थुजी दोन दिवस धड जेवले नाहीत. आत्याच त्यांना म्हणाली, “मले सुई लागली, तुमचं काऊन तोंड उतरलं?”

अमरावतीच्या दवाखान्यातल्या चंदा सिस्टरनं तिला सगळं शिकवलं. बाटली जोरात हलवायची नाही, दोन्ही तळहातांत धरून हळू फिरवायची, पांढरं औषध एकसारखं दिसेपर्यंत. बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचायचं, आणि रोज जागा बदलायची, नाहीतर तिथं गाठ येते. सुई टोचली की दहापर्यंत मोजून काढायची. सिरिंज लाल टोपणाची. सकाळी वीसची रेघ, संध्याकाळी बाराची. आत्यानं पहिल्याच दिवशी सिस्टरसमोर वीसच्या रेघेवर औषध असं आणून दाखवलं, की सिस्टर म्हणाली, “बाई, तुमचा हात तर आमच्यापेक्षा पक्का आहे.”

दोन वर्षं सुरळीत गेली. पायाची जखम भरली. गुजरीत साडेआठला ती मनकर्णाच्या दुकानामागं, कांद्याच्या पोत्यांच्या आडोशाला जायची, सुई घ्यायची, अर्ध्या तासानं दोन भाकरी खायची. मनकर्णा कांदे-आलू विकते, आत्याच्याच वयाची. सुईचं गुजरीत फक्त तिलाच माहीत होतं. धर्मेंद्रनं आईला बजावून ठेवलं होतं, की चारचौघांत दिसू देऊ नको.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाटली संपली. दवाखान्यात माल आलेला नव्हता, म्हणून आत्या सकाळी गुजरीजवळच्या ओमप्रकाशच्या मेडिकलवर गेली. त्यानं वेगळी बाटली दिली. आत्यानं विचारलं, “हे वेगळं दिसून राहिलं भाऊ.” तो म्हणाला, “कंपनी बदलली आहे बाई. औषध तेच.”

आत्या पोत्यांमागं गेली. पिशवीतली आपली लाल टोपणाची सिरिंज काढली, वीसच्या रेघेपर्यंत औषध भरलं, टोचलं, नेहमीसारख्या दोन भाकरी खाल्ल्या आणि दुकानावर येऊन बसली.

पुढचं मला मनकर्णानं सांगितलं. साडेदहाच्या सुमारास आत्याचा पदर घामानं भिजला. मे महिना, घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून मनकर्णानं लक्ष दिलं नाही. मग आत्यानं एका बाईला दोन किलो वांगी न तोलताच देऊन टाकली. तेव्हा मात्र मनकर्णा दचकली, कारण जयवंता न तोलता माल देते हे सव्वीस वर्षांत तिनं पाहिलं नव्हतं. एका माणसानं सांभाराचा भाव विचारला, तर आत्यानं त्याला शिवी हासडली. जीभ जड झाली होती. उठायला गेली आणि टोपलीवर कोलमडली.

“बाई पिऊन आली वाटते,” कोणीतरी म्हणालं. दोघातिघांनी मोबाइल काढले.

मनकर्णा गर्दी लोटत आली. “पिलेली नाई ते! शुगर हाय तिले!” समोरच्या रसवंतीवरून तिनं उसाचा रस आणला. आत्याला तेवढी गिळण्याइतकी शुद्ध होती. घोटघोट करत गिलासभर रस पोटात गेला, तशी ती पाच-दहा मिनिटांत भानावर आली, मनकर्णाला ओळखलं. पण अर्ध्या तासानं पुन्हा डोळे फिरू लागले. आता ती हाकेलाही ओ देईना. तोंडात काही घालायची मनकर्णाची हिंमत झाली नाही, आणि तेच बरं झालं. ऑटो बोलावला, आत्याला आडवं घातलं आणि थेट दवाखाना गाठला. शिरेतून साखर चढवली. रात्रंदिवस सलाइन चालू ठेवावं लागलं, कारण साखर वर येई आणि पुन्हा खाली जाई. घरी सोडायला तिसरा दिवस उजाडला.

सुटीच्या कागदावर लिहिलं होतं, रुग्णाने इन्सुलिनची मात्रा जास्त घेतली. डॉक्टर नवे होते. नत्थुजींना म्हणाले, “शिकलेल्या नाहीत ना, चूक होते. घरच्या कोणीतरी देत जा.”

“मी वीसच घेतले,” आत्या पलंगावरून म्हणाली.

“हो, हो,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

तोवर तो व्हिडिओ भातकुलीपर्यंत पोचला होता. गुजरीत दारू पिऊन पडलेली बाई. धर्मेंद्रच्या मित्रानं त्यालाच पाठवला होता. पोरगा रडकुंडीला आला. “आता बस झालं माय,” तो म्हणाला. “सुई बंद, गुजरीही बंद.”

माझे वडील गोवर्धन म्हणजे आत्याचे मोठे भाऊ. आम्ही अकोल्याला राहतो. बाबांनी बहिणीला आरामासाठी आणलं. त्यांच्या ओळखीचा एक काढेवाला होता. एकवीस दिवसांत सुई सुटते, असं तो छातीठोक सांगायचा. बाबांना बहिणीच्या जिवाची काळजी होती, यात खोट नाही. सुईनं बहीण मरता मरता वाचली, हे त्यांनी दवाखान्यात जाऊन डोळ्यांनी पाहिलं होतं. मी कृषी विद्यापीठाच्या कार्यालयात लिपिक आहे, पदवीधर आहे. मी विरोध केला का? नाही. मलाही वाटलं, की एवढा त्रास होतो तर पाहावं करून. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे.

आत्याही पहिल्या दिवशी गप्प राहिली. अंगात त्राण नव्हतं आणि सगळ्यांचे चेहरे एकसारखे होते. कडू काढा सकाळ-संध्याकाळ, सुई बंद.

चौथ्या दिवसापासून तिची तहान वाढली. अकोल्याचं ऊन सेहेचाळीसला टेकलेलं, त्यामुळे आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही. माठ दिवसातून दोनदा भरावा लागे. ती सारखी लघवीला उठे. सातव्या दिवशी डोळ्यांपुढं अंधुक दिसू लागलं. काढेवाला पाहायला आला आणि म्हणाला, “शरीर जहर बाहेर टाकून राहिलं. चांगलं लक्षण आहे.”

नवव्या दिवशी सकाळी मी कार्यालयात निघाले होते. आत्यानं हाक मारली.

“अपेक्षा, इकडे ये. माह्या पिशवीत दोन बाटल्या हायत. आण.”

एक जुनी, रिकामी. दुसरी ओमप्रकाशकडची, जवळजवळ भरलेली. आत्यानं त्या खिडकीतल्या उजेडात धरल्या. तिला नीट दिसत नव्हतं. डोळे बारीक करून, बाटली जवळ-दूर करून ती पाहत राहिली.

“हे काय लिवलं? आकडा कोणता?”

“चाळीस,” मी म्हणाले. जुनी बाटली होती ती.

“अन् याच्यावर?”

मी दोनदा वाचलं.

“सांग ना वं.”

“शंभर.”

“सिरिंजवर पाह्य.”

लाल टोपणाच्या सिरिंजच्या पाकिटावर बारीक अक्षरांत चाळीस लिहिलं होतं. दोन वर्षांत आमच्या घरातल्या एकाही शिकलेल्या माणसानं ते पाहिलं नव्हतं.

आत्या भिंतीला टेकून बसली. ओठ कोरडे पडले होते, पण डोकं चाललं होतं. “वावरात फवारतो ते औषध कसं असते, एक पातळ, एक कडक. झाकण तेच. पातळाचं झाकणभर टाकलं तं झाड जगते, कडकाचं झाकणभर टाकलं तं जळून जाते.” तिनं बोटांवर हिशेब केला. “चाळीसाच्या जागी शंभर. म्हणजे अडीच पट. वीसच्या रेघेले पन्नास. अपेक्षा, मी पन्नास घेतले वं.”

मग ती एकदम ताठ झाली. “पण रेघ वीसचीच होती. मोजायला मी चुकली नाई. चुकली का?”

“नाही आत्या.”

“मंग उठ. मले अमरावतीले जा लागते.”

बाबा आडवे आले. काढ्याचे बारा दिवस राहिलेत, एवढे पुरे कर, म्हणाले. आत्यानं काढ्याची बाटली उचलली, अंगणात जाऊन नालीत रिकामी केली आणि ती भावाच्या हातात दिली. “दादा, तू माह्यासाठी केलं, मले समजते. पण औषध वाईट नव्हतं. चुकीच्या मापानं गेलं. माप चुकलं म्हणून कोणी अन्न सोडते काय?”

 मी कार्यालयात रजा कळवली. अकोल्याहून गाडी धरून आम्ही बडनेऱ्याला उतरलो, तिथून ऑटोनं दवाखान्यात. वाटेत तिला दोनदा उलटी झाली. शुगर चारशे ऐंशीच्या वर निघाली. लघवी तपासली, लगेच भरती करून घेतलं. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते चंदा सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मी ते आत्याला सांगितलं नाही. बाबांना सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तेच नवे डॉक्टर आले. “इन्सुलिन बंद करायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?” त्यांनी आवाज चढवला.

आत्या उठून बसली. उशाखालून दोन्ही बाटल्या काढून तिनं त्यांच्यासमोर ठेवल्या. “बंद केलं, ते चुकलंच माह्यं. पण डॉक्टरसायेब, दोन तऱ्हेचं औषध असते अन् त्याच्या दोन तऱ्हेच्या सिरिंजा असते, हे मले तुमच्या दवाखान्यात कोणी सांगितलं काय?”

डॉक्टरांनी बाटल्या पाहिल्या. मग चंदा सिस्टरकडे पाहिलं.

“नाही सांगितलं,” सिस्टर हळू आवाजात म्हणाली. “आपण चाळीसचंच देतो ना सर. रोज दोनशे पेशंट. लाल टोपण एवढंच सांगते मी. बाहेरून शंभरचं घेतील, हे डोक्यातच आलं नाही.”

“मंग कागदावर काऊन लिवलं, की मी जास्त घेतलं?” आत्या म्हणाली. “मी वीसच्या रेघेवर होती. तो कागद बदला.”

“तो आता बदलता येत नाही.”

“मंग दुसरा लिवा.”

 डॉक्टर रागावतील असं मला वाटलं. पण त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि नव्या कागदावर लिहिलं, शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने दिले गेले, रुग्णाने रेघ बरोबर मोजली होती. खाली सही केली. आत्यानं अक्षरावर बोट ठेवून तो पूर्ण वाचला आणि घडी घालून चोळीत ठेवला.

सुटी झाल्यावर घरी न जाता ती आधी ओमप्रकाशच्या मेडिकलवर गेली. मी सोबत होते. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. आत्यानं बाटली काउंटरवर ठेवली.

“ओमप्रकाश भाऊ, हे तुमी मले तेच औषध म्हणून दिलं.”

“बाई, बाटलीवर लिहिलेलं असते. वाचून घ्यायचं.”

“मी वेगळं दिसून राहिलं म्हणून विचारलं होतं. विचारलं होतं का नाई?”

“एवढ्या लोकांत कोणाचं काय लक्षात राहते? तक्रार करायची असंल तर करा जा.”

लोक पाहू लागले. आत्या ओरडली नाही. “तक्रार बी करीन,” ती म्हणाली. “पण तोवर इथंच बसते.” आणि मेडिकलच्या पायरीच्या कडेला, जाण्यायेण्याची वाट सोडून, मांडी घालून बसली.

मला वाटलं तासाभरात उठेल. पण मलाही रजा वाढवून तिच्यासोबत थांबावं लागलं. ती आठवडाभर गेली, रोज दुपारी, गुजरी आटोपल्यावर. होय, गुजरीत ती परत जाऊ लागली होती. धर्मेंद्रनं टोपल्या ऑटोत घालायला नकार दिला, तेव्हा तिनं आणि सीमानं मिळून घातल्या. पायरीवर बसून ती इन्सुलिन घेऊन निघालेल्या प्रत्येकाला थांबवायची. “बाटली दाखवा. सिरिंज कोणती? चाळीसले लाल टोपण, शंभरले नारिंगी. दोन्ही आकडे सारखे हायत काय, पाहा.” काहीजण दाखवायचे. काहीजण, ही कोण, म्हणून निघून जायचे. एक बाई तिच्यावर खेकसली. ओमप्रकाशनं दोनदा पोलिसांचं नाव काढलं. “बोलवा,” आत्या म्हणाली. “त्यायच्यातही कोणाले शुगर असंल.”

चौथ्या दिवशी पुंजाराम आला. सत्तरीचा, काठी टेकत चालणारा, पायाला पट्टी. त्याच्या पिशवीत ओमप्रकाशकडूनच घेतलेली चाळीसची बाटली आणि नारिंगी टोपणाच्या सिरिंजा. सून कुठूनतरी नारिंगीचा डबा घेऊन आली होती, सहा महिने तोच चालला होता.

“तुमचा आकडा किती?” आत्यानं विचारलं.

“चोवीस. पण शुगर उतरतच नाई. डॉक्टर म्हणते तू गोड खाते. सूनही तेच म्हणते. लाडवाचा डबा कुलपात ठेवते माय. मी खात नाई वो. देवाशपथ खात नाई.”

आत्यानं मनात हिशेब केला. चोवीसची रेघ, पण अंगात जेमतेम साडेनऊ. सहा महिने म्हातारा अर्ध्याहून कमी औषधावर होता आणि खोटारडा ठरला होता.

तिनं आपल्या पिशवीतली लाल टोपणाची नवी सिरिंज काढून त्याला दिली. “हे घ्या. अन् चोवीसच्या रेघेपर्यंत भरा.” पण मी तिचा हात धरला. आधी सिस्टरला विचारू, म्हटलं. फोन लावला. चंदा सिस्टर फोनवर जवळजवळ ओरडलीच. “थांबवा त्यांना! शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी आकडा वाढवत नेला असेल. आता एकदम खरे चोवीस गेले तर पडतील ते. दवाखान्यात घेऊन या.”

आत्याचा चेहरा पडला. तिनं सिरिंज परत घेतली. त्या दिवसापासून तिनं नियम केला आणि तो आजपर्यंत मोडला नाही. ती टोपण पाहते, बाटलीवरचा आकडा पाहते, आणि जुळत नसेल तर माणसाला दवाखान्यात पाठवते. किती घ्यायचं, हे कोणाला सांगत नाही.

पुंजारामला आम्हीच ऑटोत घालून नेलं. डॉक्टरांनी आकडा नव्यानं ठरवला. परत येताना म्हातारा मेडिकलपाशी उतरला, काठी टेकत आत गेला आणि ओमप्रकाशला एवढंच म्हणाला, “मी लाडू खात नव्हतो.”

ओमप्रकाशनं कधी माफी मागितली नाही. पण पुढच्या सोमवारी काउंटरवर सिरिंजांचे दोन वेगळे डबे दिसले आणि त्यांच्यावर मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठ्या. बाटली देताना तो सिरिंज कोणती वापरता, असं विचारू लागला. आत्या पायरीवरून उठली. तक्रारअर्ज मात्र तिनं माझ्याकडून लिहून घेऊन दिला तो दिलाच. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दर महिन्याला ती मला विचारते.

उरला होता धर्मेंद्र. आत्यानं पोत्यांमागं जायचं बंद केलं होतं. साडेआठ वाजले की ती टोपल्यांमध्येच बसून, सगळ्यांसमोर, पदर थोडा बाजूला करून सुई घ्यायची. औषधाची बाटली प्लास्टिकच्या डबीत, डबी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात, कारण आमच्याकडच्या उन्हात उघड्यावर ठेवलेलं इन्सुलिन टिकत नाही. वापरलेल्या सुया तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये, झाकण घट्ट लावून. पिशवीत कायम साखरेची पुडी. एक दिवस धर्मेंद्र गुजरीत आला आणि त्यानं हे पाहिलं.

“माय, आडोशाले जाऊन घे ना. लोक पाहून राहिले.”

“पाहू दे. चोरी करून राहिली काय मी?”

“त्या व्हिडिओनं कमी शोभा झाली काय आपली?”

आत्यानं सुई काढली, कॅनमध्ये टाकली, झाकण फिरवलं. मग त्याच्याकडे पाहिलं. “त्या दिवशी मी सगळ्यायसमोर घेत असती ना, तं कोणी म्हटलं नसतं की पिऊन आली. दहा जण साखर घेऊन धावले असते. मी लपवलं, म्हणून लोकायले माहीत नव्हतं. तुह्यं ऐकलं म्हणून मराले टेकली होती मी, समजलं?”

धर्मेंद्र निघून गेला. दोन दिवस आईशी बोललाही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी टोपल्या ऑटोत त्यानं घातल्या. त्याहून जास्त काही झालं नाही आणि आत्यानंही जास्त काही मागितलं नाही.

आता गुजरीत चार-पाच जण उघड्यावर सुई घेतात. मनकर्णाच्या दुकानावर साखरेचा डबा असतो आणि काय करायचं ते तिनं सगळ्यांकडून पाठ करून घेतलंय. माणूस घामानं भिजला, बरळू लागला, तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि ऑटो. चंदा सिस्टर दवाखान्यात प्रत्येकाला दोन्ही रंगांची टोपणं दाखवते. आत्याची शुगर काही एकदम सुधारलेली नाही, कधी वर कधी खाली. डाव्या पायाच्या दोन बोटांना मुंग्या येतात. झोपण्यापूर्वी ती आरसा धरून तळवे पाहते.

या फेब्रुवारीत माझा भाऊ शिवम याचं लग्न अकोल्यात झालं. साडेबाराची पंगत ठरली होती. नवरदेवाची वरात मंगल कार्यालयाच्या फाटकाशी नाचत राहिली आणि दीड वाजून गेला तरी लग्न लागायचंच होतं. नवरदेवाआधी कोण जेवणार? शेकडो माणसं उपाशी बसलेली. त्यांतले काही म्हातारे सकाळची सुई घेऊन आले होते आणि भूक लागली म्हणायला लाजत होते.

आत्या उठली आणि सरळ भटारखान्यात गेली. वरण उकळत होतं, वांग्याची भाजी तयार होती. आचारी म्हणाला, “बाई, अजून लग्न लागलं नाई.”

“लग्न लागन तवा लागन. मले पोळी-भाजी दे.”

बाबा धावत आले. व्याही मंडळींसमोर काय हे, म्हणाले. आत्या तिथल्याच एका खुर्चीवर बसली. “दादा, मानपानाचं तू पाह्य. माह्यं पोट मी पाहते. सकाळची सुई अंगात हाय, ते वरातीसाठी थांबत नाई.” तिनं पोळीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि मग मंडपाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ज्यायनं सुई घेतली हाय, गोळी घेतली हाय, त्यायनं या इकडे. लाजू नका.”

 मागच्या रांगेतून नवरीचे आजोबा उठले, धोतराचा सोगा सावरत. त्यांच्या पाठोपाठ फेटा बांधलेला एक माणूस. मग दोन बाया, एकमेकींचा हात धरून. आचाऱ्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, “वाढ ना गा. पाहून काय राहिला?”